शिलाईच्या एका मिनिटाची किंमत

परदेशी कपडे कारखान्यांतली मजुरी आणि कामाची परिस्थिती या विषयावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. त्यांतले काही प्रश्न आणि त्यांची उत्तरे.

मुलासाठी ४९९ रुपयांचा टी-शर्ट घेतला. आतल्या पट्टीवर 'मेड इन बांगलादेश' आहे. या ४९९ मधले शिवणाऱ्या बाईच्या हातात किती पडतात?
*– गृहिणी, कराड*

हा हिशेब मांडता येतो, कारण या धंद्यात कापडाइतक्याच काटेकोरपणे मिनिटे मोजतात. साधा गोल गळ्याचा टी-शर्ट घ्या. खांदे जोडणे, गळ्याला रिब लावणे, बाह्या चढवणे, दोन्ही बाजू ओव्हरलॉक करणे, बाहीची आणि खालची दुमड मारणे, पट्टी लावणे. प्रत्येक कामाला किती सेकंद लागावेत हे घड्याळ लावून ठरवलेले असते. सगळे मिळून सात-आठ मिनिटे होतात. ही झाली कागदावरची वेळ. प्रत्यक्षात दोरा तुटतो, सुई मोडते, मागच्या मशिनवरून माल वेळेत येत नाही. लाइन (ओळीने लावलेली मशिने) निम्म्या कार्यक्षमतेने चालते असे धरले, तर आठाची सोळा मिनिटे होतात.

आता मजुरी. बांगलादेशात डिसेंबर २०२३ पासून कपडे कारखान्यातले किमान मासिक वेतन १२,५०० टका (टका हे तिथले चलन) झाले. तेव्हाच्या दराने ते सुमारे ९,४०० रुपये होते. महिन्याचे २६ दिवस आणि रोजचे ८ तास धरले तर २०८ तास होतात. म्हणजे तासाला ६० टका, मिनिटाला एक टका. सोळा मिनिटांचे सोळा टका, आपले बारा रुपये. कटिंग, तपासणी, इस्त्री आणि पॅकिंगला आणखी तेवढेच धरले, तरी तुमच्या ४९९ मधले मजुरीला गेले २४ रुपये. हेही किमान वेतन पुरते हाती पडत असेल, तर.

तिथली मजुरी उद्या दुप्पट केली, तर एका टी-शर्टमागे आणखी २४ रुपये लागतील. मग 'मजुरी वाढली की कपडा परवडत नाही' अशी ओरड का होते? कारण मधला प्रत्येक जण आपला नफा टक्केवारीत लावतो. कारखान्यात वाढलेल्या २४ रुपयांवर कारखानदाराचे टक्के, त्यावर बाइंग हाउसचे (ब्रँड आणि कारखाना यांच्यातल्या मध्यस्थाचे), त्यावर ब्रँडचे, त्यावर दुकानाचे. दुकानात पोचेपर्यंत २४ चे सहज ७०-८० होतात. यात कामगारांच्या वाट्याला जास्तीचे २४ येतात, बाकीची वाढ त्यांच्या नावावर इतरांची होते. मजुरीची वाढ टक्केवारीत न गुंफता तशीच्या तशी पुढे पाठवली, तर गिऱ्हाईकाला ती जाणवणारही नाही.

तिथल्या सरकारने किमान वेतन ठरवून दिले आहे. जादा कामाला कायद्याने दुप्पट दर आहे. मग अन्याय नेमका होतो कुठे? आमच्याकडे मागावर मीटरप्रमाणे मजुरी मिळते, जादा कामाचा वेगळा दर कुणी देत नाही.
*– यंत्रमागधारक, विटा*

वेतनाची फोड बघा. १२,५०० टक्यांत मूळ वेतन फक्त ६,७०० आहे. घरभाडे ३,३५०, औषधपाणी ७५०, जाण्यायेण्याचे ४५० आणि जेवणाचे १,२५०. बेरीज बरोबर जुळते. आता तिथल्या कायद्याप्रमाणे जादा कामाचा दुप्पट दर मूळ वेतनावर लागतो, एकूण वेतनावर लागत नाही. ६,७०० भागिले २०८ म्हणजे तासाला ३२ टका, त्याची दुप्पट ६४. आणि साध्या तासाला एकूण वेतनाचे किती पडतात? ६०. म्हणजे रात्री आठ वाजता, दहा तास मशिनवर बसून पाठ धरल्यावर मिळणारा 'दुप्पट' दर हा सकाळच्या दरापेक्षा तासाला चारच टका जास्त. कारखानदाराला नवीन माणूस ठेवण्यापेक्षा आहे त्यालाच चार तास जास्त बसवणे स्वस्त पडते, ते यामुळे. कायदा मोडला नाही तरी ही पिळवणूक होते.

दुसरी गोष्ट वेळेची. २०१३ मध्ये किमान वेतन ५,३०० टका होते, २०१८ मध्ये ८,००० झाले, २०२३ मध्ये १२,५००. पाच-पाच वर्षे आकडा हलला नाही. त्या काळात तांदूळ, तेल आणि खोलीचे भाडे मात्र थांबून राहिले नाही. २०२३ मध्ये कामगार संघटनांनी २३,००० टका मागितले होते. रस्त्यावर उतरलेल्या कामगारांपैकी काही जण त्या आंदोलनात जिवाला मुकले, आणि हाती आले मागणीच्या निम्म्याहून थोडे जास्त.

तिसरी गोष्ट तुमच्या-आमच्या भागाला सांगायला नको, ऊसवाल्याला काटामारी म्हटले की पुरते. तिथेही काटामारी चालते, फक्त ती तासांची आणि नगांची असते. टार्गेट पुरे झाले नाही म्हणून सुटीनंतर बसवून घेतात, तो वेळ हजेरीपत्रकावर चढत नाही. आल्टरला परत आलेले पीस उसवून पुन्हा शिवायला लागतात, त्याचे पैसे नाहीत. महिन्यात एक दिवस दांडी झाली की अख्खा हजेरी बोनस बुडतो. एकेक रक्कम लहान, पण महिन्याअखेर त्यातून घरभाड्याइतका खड्डा पडतो.

आणि रात्रीचे काम मुळात निघते कुठून? बहुतेक वेळा खरेदीदाराच्या टेबलावरून. नमुन्याला मंजुरी द्यायला ब्रँड तीन आठवडे उशीर करतो, बटणाचा रंग ऐन वेळी बदलतो, पण जहाजात माल चढवायची तारीख तीच राहते. उशीर झाला तर माल विमानाने पाठवायचा खर्च कारखान्याच्या माथी. एका खेपेचे विमानभाडे साऱ्या नफ्यावर पाणी फिरवते. मग कारखानदार गेटला कुलूप लावून रात्रपाळी ओढतो. त्याचा दोष आहेच, पण पहिली चूक जिथे झाली तिथे कुणी बोट दाखवत नाही.

तुमच्या मागाच्या मजुरीबद्दल एवढेच: जादा तासाला दुप्पट दर हा आपल्याकडेही कायदा आहे. कुणी देत नाही म्हणून तो रद्द होत नाही.

फाटक्या-विटक्या जीन्सची फॅशन कामगारांच्या जिवावर उठते असे वाचले. हे खरे आहे का?
*– महाविद्यालयीन विद्यार्थी, सातारा*

खरे आहे. जीन्स मांडीवर पांढरट दिसावी म्हणून पूर्वी तिच्यावर दाबाच्या हवेने वाळू मारत. त्या वाळूतली सिलिका धूळ फुप्फुसात बसते आणि सिलिकोसिस होतो. खाणीत हा आजार व्हायला बरीच वर्षे लागतात, बंद खोलीत वाळू मारणाऱ्या तरुण पोरांना तो दोन-चार वर्षांत झाला. त्यावर इलाज नाही. तुर्कस्तानात कितीतरी तरुण यात गेले, तेव्हा २००९ मध्ये तिथे या कामावर बंदी आली. मग काम दुसऱ्या देशांत सरकले. आता बऱ्याच ठिकाणी लेझर वापरतात, पण हाताने पॉलिश पेपर घासणे आणि पोटॅशियम परमँगनेटचा फवारा मारणे अजून चालते. त्याला मास्क आणि धूर ओढणारा पंखा हवाच. साधी गडद जीन्स घ्या, ती टिकतेही जास्त.

पुतण्या आयटीआयला शिवणकाम शिकला आहे, दहावी नापास. तालुक्याच्या गावातला एक जण त्याला जॉर्डनच्या कपडे कारखान्यात लावतो म्हणतो. सव्वा लाख मागतोय, त्यातले पन्नास हजार आधी रोख. पाठवावे का?
*– शेतकरी, आटपाडी*

रोख पन्नास हजार देऊ नका. आधी पुढच्या गोष्टी तपासा.

जॉर्डनच्या कारखान्यांत भारत, बांगलादेश, श्रीलंका आणि नेपाळमधून हजारो शिलाई कामगार जातात. काम खरे असते. फसवणूक होते ती पाठवणाऱ्याकडून. परदेशी नोकरीला माणसे पाठवायला केंद्र सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना लागतो आणि परवानाधारकांची यादी ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर आहे. तालुक्यातला हा माणूस त्या यादीत आहे का ते बघा. 'मी मुंबईच्या एजंटाचा माणूस' असे तो म्हणेल, पण परवानाधारकाला गावोगाव उपएजंट ठेवता येत नाहीत. परवानाधारक कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी घेऊ शकतो, म्हणजे ३५,४००. तेही पावती देऊन. सव्वा लाख हा आकडाच सांगतो की कागद सरळ नाहीत.

पुतण्या दहावी नापास असल्याने त्याच्या पासपोर्टवर 'ईसीआर' असणार, म्हणजे ठरावीक १८ देशांत नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी मंजुरी लागते. जॉर्डन त्या यादीत आहे. ही मंजुरी म्हणजे कटकट आहे असे एजंट सांगेल आणि पर्यटन व्हिसावर पाठवून 'तिथे गेल्यावर बदलून घेऊ' म्हणेल. यालाच माणसे सर्वांत जास्त फसतात. पर्यटन व्हिसावर काम करणारा माणूस तिथे पहिल्या दिवसापासून बेकायदा ठरतो, आणि बेकायदा माणसाला पगार बुडाला तरी तक्रार करणे अवघड जाते. मंजुरीच्या वेळी कारखान्याचा करार तपासला जातो आणि प्रवासी भारतीय विमा योजनेचा विमा निघतो. दोन वर्षांचा हप्ता २७५ रुपये, तीन वर्षांचा ३७५, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमचे अपंगत्व आले तर दहा लाख. (मॉरिशसलाही आपले शिलाई कामगार जातात, पण तो देश या १८ मध्ये नाही, त्यामुळे तिथे जाणाऱ्याने करार स्वतः दुप्पट काळजीने वाचावा.)

करारात एक आकडा नीट बघा. जॉर्डनमध्ये परदेशी कामगाराच्या पगाराचा मोठा भाग राहणे-जेवण म्हणून धरतात. एजंट सांगतो तो एकूण आकडा, हातात पडते ती रोख रक्कम वेगळी. दोन्ही दिनारमध्ये वेगवेगळे लिहून घ्या. आठवड्याचे ४८ तास झाल्यावर जादा कामाला तिथल्या कायद्याने सव्वापट आणि सुटीच्या दिवशी दीडपट दर आहे. 'बारा तासांचा पगार' असे कुणी सांगत असेल, तर त्यात जादा काम आधीच घुसडलेले असते. विमानाचे भाडे कोण देणार आणि करार संपल्यावर परतीचे कोण, हेही लिहिलेले हवे.

पोचल्यावर कारखान्याने पासपोर्ट 'सांभाळायला' मागितला तर देऊ नये. पासपोर्ट ही भारत सरकारची मालमत्ता आहे, मालकाने तो ठेवणे जॉर्डनच्या कायद्यातही गुन्हा आहे. जाण्यापूर्वी पासपोर्ट, व्हिसा आणि करार यांचे फोटो घरी कुणाच्या तरी मोबाइलवर ठेवा. पगार अडकला तर वकिलातीकडे तक्रार करायला परराष्ट्र मंत्रालयाचे 'मदद' हे पोर्टल आहे, तक्रार इथून घरच्यांनाही नोंदवता येते.

आटपाडी-विट्याची माणसे पिढ्यान्‌पिढ्या गलाईच्या (सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या) कामाला देशभर जातात, त्यामुळे बाहेर पडायची भीती तुमच्याकडे कुणाला नाही. पण गलाईला माणूस जातो तो भावकीतल्या, गावच्या माणसाच्या दुकानात. इथे तसे कुणी नाही. आणि कर्ज काढून पैसे भरले, तर ऊसतोडीच्या उचलीसारखे होते: पहिले वर्ष-दीड वर्ष फिटण्यातच जाते आणि तोवर कितीही त्रास झाला तरी परत यायची सोय राहत नाही.

असे सगळे असेल, तर बांगलादेशी कपड्यांवर बहिष्कार टाकावा का?
*– निवृत्त शिक्षिका, वाई*

आमचे मत: टाकू नये. त्या धंद्यावर सुमारे ४० लाख माणसे जगतात, त्यांत बायका जास्त. ऑर्डर थांबल्या की काय होते हे मार्च २०२० मध्ये दिसले. टाळेबंदी लागताच ब्रँडांनी अब्जावधी डॉलरच्या ऑर्डर रद्द केल्या, शिवून तयार असलेला मालही उचलला नाही, आणि पगार बुडाले ते मशिनवरच्या बायकांचे. तिथल्या कामगार संघटना काम बंद करा असे म्हणत नाहीत, कामाचा दाम द्या असे म्हणतात. त्यांचे ऐकावे.

माझे रेडिमेडचे दुकान आहे. घाऊक व्यापारी 'सर्टिफाइड फॅक्टरीचा माल' म्हणून चार पैसे जास्त लावतात. या सर्टिफिकेटवर विश्वास ठेवावा का?
*– दुकानदार, सांगली*

नुसत्या सर्टिफिकेटवर नाही. पाकिस्तानात कराचीच्या बल्दिया भागातल्या अली एंटरप्रायझेस या कारखान्याला ऑगस्ट २०१२ मध्ये एसए ८००० हे कामगारहिताचे नामांकित प्रमाणपत्र मिळाले. ११ सप्टेंबर २०१२ ला तिथे आग लागली. खिडक्यांना लोखंडी गज, बाहेर पडायची दारे बंद. अडीचशेहून जास्त माणसे आत दगावली. प्रमाणपत्राची शाईही वाळली नव्हती.

असे का होते? तपासणीचा खर्च बहुधा कारखाना किंवा ब्रँड देतो, आणि तपासनीस येणार हे आधी कळते. मग हजेरीचे दुसरे रजिस्टर निघते, जिन्यातले कापडाचे गठ्ठे हलतात, कामगारांकडून उत्तरे घोकून घेतात. आणि तपासनीस बघतो तो मुख्य कारखाना. अर्धा माल ज्या गाळ्यात शिवून येतो, तो गाळा त्याच्या कागदावरच नसतो.

याहून बरी पद्धत बांगलादेशात उभी राहिली, पण त्यासाठी मोठी किंमत मोजावी लागली. २४ एप्रिल २०१३ ला ढाक्याजवळ सावरमधली राणा प्लाझा ही आठ मजली इमारत कोसळली आणि ११०० हून जास्त कामगार गेले. आदल्या दिवशी खांबांना तडे दिसले होते. खालच्या मजल्यावरची बँक आणि दुकाने बंद झाली, वरच्या कारखान्यांतल्या कामगारांना मात्र दुसऱ्या दिवशी कामावर बोलावले. परवानगीपेक्षा जास्त मजले, आणि वर ठेवलेल्या जनरेटरचा हादरा. त्यानंतर दोनशेहून जास्त ब्रँड आणि कामगार संघटना यांच्यात 'अ‍ॅकॉर्ड' नावाचा करार झाला. तो कायद्याने बांधणारा होता. खांबांवर किती भार आहे, जिन्याला आगरोधक दार आहे का, वायरिंग कसे आहे, हे अभियंत्यांनी तपासले आणि कारखान्याच्या नावासकट निकाल जाहीर केले. २०१६ मध्ये दुरुस्तीत टाळाटाळ करणाऱ्या दोन ब्रँडविरुद्ध संघटनांनी हेगच्या लवादाकडे दाद मागितली, तेव्हा ब्रँडना पैसे मोजून तडजोड करावी लागली. प्रमाणपत्राच्या मागे अशी ताकद नसते. अर्थात हा करार इमारत आणि आगीपुरता होता, मजुरी त्यात नव्हती.

तुम्हाला करता येण्यासारखे: व्यापाऱ्याला सर्टिफिकेटऐवजी कारखान्याचे नाव आणि पत्ता विचारा. बरेच मोठे ब्रँड आता कारखान्यांच्या याद्या जाहीर करतात आणि 'ओपन सप्लाय हब' या मोफत संकेतस्थळावर त्या एकत्र शोधता येतात. नाव सांगायलाच जो तयार नाही, त्याला जास्तीचे चार पैसे कशाचे द्यायचे?

माझे २५ मशिनचे शिलाई युनिट आहे. निर्यातीच्या शर्टाचे जॉबवर्क मिळते आहे. पार्टी शर्टामागे ७० रुपये देते. बायकांना योग्य मजुरी देऊन हे परवडेल का?
*– उद्योजिका, कुपवाड*

हा हिशेब सही करण्यापूर्वी मांडताय, हेच महत्त्वाचे.

पूर्ण बाहीचा, कॉलर-कफ-खिसा असलेला शर्ट साधारण २२ मिनिटांचा धरा. २५ मशिन गुणिले ४८० मिनिटे म्हणजे १२,००० मिनिटे. लाइन ४५ टक्के कार्यक्षमतेने चालली, तर कामाची मिनिटे ५,४००. भागिले २२, रोजचे २४५ शर्ट.

माणसे २५ नाहीत. कटिंग मास्टर, हेल्पर, काज-बटण, चेकर, इस्त्री आणि सुपरवायझर धरून ३३ होतील. सरासरी रोज ५०० रुपये असे उदाहरणाला घेऊ. त्यावर तुमच्या वाट्याचा पीएफ खर्च १३ टक्के, ईएसआय ३.२५, बोनस ८.३३ आणि ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१. म्हणजे ५०० चे ६४७ होतात. ३३ माणसांचे २१,३५१. भागिले २४५, शर्टामागे ८७ रुपये. यात पगारी रजा, भाडे, वीज, दोरा, सुया आणि मशिनचा घसारा यांतले काहीच आले नाही.

पार्टी ७० कुठून आणते? तिने ६० टक्के कार्यक्षमता धरली आहे. मग रोजचे ३२७ शर्ट आणि मजुरी ६५. एकच डिझाइन महिनाभर चालणाऱ्या मोठ्या कारखान्यात हे जमते. तुमच्याकडे लहान लॉट येणार. पहिले दोन दिवस बायकांचा हात बसण्यात जातात, तिसऱ्या दिवशी वेग येतो आणि चौथ्या दिवशी लॉट संपून डिझाइन बदलते. त्यात दोऱ्याचा रंग बदलणे, वीज जाणे आणि बटणे उशिरा येणे हे धरलेलेच नाही.

७० ला घेतलेत, तर शर्टामागे निदान १७ रुपयांची तूट येईल आणि ती कुठून तरी भरून काढावी लागेल. सगळीकडे ती आधी पीएफमधून निघते, मग ओव्हरटाइममधून, मग पीस रेट (नगावर मजुरी) लावून मजुरीतून. ढाका असो की कुपवाड, वाट हीच आहे.

पार्टीशी बोलताना रुपयावर घासाघीस करू नका, मिनिटावर बोला. पहिले ५० शर्ट शिवून प्रत्येक कामाची वेळ स्वतः घड्याळ लावून लिहा. तो कागद समोर ठेवा आणि दोन गोष्टी मागा: एका डिझाइनचा किमान लॉट १,५०० चा, आणि बटण-लेबल-दोरा सगळे हातात आल्यापासूनच मुदत मोजायची. या दोन अटी मान्य झाल्या तर कार्यक्षमता ५० च्या वर जाऊ शकते आणि ९५ रुपयांच्या आसपास काम सुटेल. झाल्या नाहीत, तर शंभराच्या खाली हात लावू नका. करारात आल्टरचाही नियम लिहून घ्या. कापडाच्या दोषाने परत आलेला नग तुमच्या खात्यावर टाकायचा नाही, म्हणून कटिंगपूर्वी कापडाचा प्रत्येक ताका उजेडावर धरून तपासा आणि दोष दिसला तर त्याच दिवशी फोटो पाठवा.